रजिस्टरात नसलेली जिलेबी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे दोन हजार सातच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ते नेहमीसारखे माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. हातात रजिस्टर, कानावर पेन.

"उजवा किती वाजता सुटला?"

उजवा म्हणजे माझा उजवा हात. मी पेपर वाचत होते, दुसऱ्या हातात चहा होता आणि मला या प्रश्नाचा कंटाळा आला होता.

"बाबा, आता पुरे करा की. सात वर्षं झाली. सुटतो तो."

"बरं," ते म्हणाले. कानावरचं पेन काढून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. नंतर त्यांनी रेडिओचे सेल उन्हात ठेवले, आईशी मेथीच्या जुडीवरून वाद घातला आणि नऊच्या जीपने वारंगा फाट्यावर चहा प्यायला गेले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी फाट्यावर गेल्याशिवाय दिवस सुरू झाला असं त्यांना वाटत नसे. त्या दिवशी एवढंच झालं. सोमवारी मला हिंगोलीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं म्हणून मी साडेपाचलाच बाहेर पडले, तेव्हा ते झोपलेले होते. दहा वाजता ते फाट्यावर वसरामच्या हॉटेलसमोरच्या बाकावर बसले होते, आणि बसल्या जागीच गेले.

आता रजिस्टराविषयी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आमच्या घरात हातपाय रोज कुठेतरी निघून जात असत.

बाबा, ग्यानोबा कंट्रोलर, वारंगा फाट्यावर एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा आणि का, हे त्यांनी आयुष्यभर लिहिलं. दोन हजार साली मला सांध्यांचा आजार निघाला. सकाळी उठलं की बोटं सुजलेली आणि मुठी अर्धवट मिटलेल्या असत, त्या दीडदोन तास उघडत नसत. मी तीस वर्षांची होते आणि आखाडा बाळापूरच्या शाळेत मराठी शिकवत होते. पहिल्या तासाला मला खडू धरता येत नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा नुसता वात नाही. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते, म्हणून सूज येते.

बाबांनी मान हलवली. "म्हंजे डेपोतलीच गाडी डेपोच्या भिंतीवर जाऊन धडकून राहिली."

"तसंच," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्यापेक्षा त्यांना हा विद्यार्थी जास्त आवडल्याचं मला दिसलं.

मी वाचणारी बाई. आजार कळल्यापासून मिळेल ते वाचत होते. मी विचारलं, खाण्यापिण्याने ही सूज कमीजास्त होते का? डॉक्टर म्हणाले, होऊ शकते, पण माणसागणिक वेगळं असतं. एकाला ज्याने त्रास होतो, त्याने दुसऱ्याला काही होत नाही. जवस, मासे खा. गोड, तळलेलं, मैदा कमी करून बघा. बाकी एखाद्या पदार्थाचा संशय आला तर तो पंधरा दिवस बंद करा, मग पुन्हा सुरू करा आणि काय होतं ते लिहून ठेवा. गोळ्या मात्र कुणी काहीही सांगितलं तरी बंद करायच्या नाहीत.

एवढ्या सगळ्यातून बाबांनी दोन गोष्टी पक्क्या धरल्या. गोळ्यांची गाडी रद्द करायची नाही, आणि लिहून ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी जुनं कोरं रजिस्टर निघालं. रकाने आखले गेले: तारीख, बंद पदार्थ, उजवा हात, डावा हात, शेरा. सुटण्याची ठरलेली वेळ सकाळी सहा. पहिली नोंद माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. 'उजवा हात ७.५०, एकशे दहा मिनिटे उशिरा. डावा ७.३५. उजवी करंगळी रद्द.' त्यावर कंट्रोलरची सही.

सहीपर्यंत ठीक होतं. पण मुठी उघडल्या की बाबा ओसरीत उभे राहून जाहीर करत, "लक्ष द्या. उजवा हात लागलेला आहे." ओसरीचं दार रस्त्यावर उघडत होतं. माझे नववीचे विद्यार्थी त्याच रस्त्याने शिकवणीला जात. आठवड्याभरात शाळेत मी फळ्याकडे वळले की मागून कुणीतरी हळूच म्हणे, "लागलेला आहे." मी वळून बघितलं की पन्नास निष्पाप चेहरे. व्याकरण शिकवणाऱ्या बाईची अब्रू मुळात फार मोठी नसते, तीही गेली.

रस्त्याने जाणाऱ्यांत नीलाबाई होत्या. आमच्या शेजारी राहणाऱ्या, नात्याने कुणाच्याच नाहीत, हक्काने सगळ्यांच्या.

"काहून वो कंट्रोलर, पोरीच्या हाताचं काय जाहीर करून राहिले? स्थळं यायची तिला, ती थांबतील ना."

"स्थळाला हात मागून लागतात नीलाबाई, आधी तिला लागतात."

"वांगं बंद करा मग. वांग्यानंच होतं हे. माझ्या नणंदंचं वांगं बंद केलं आन् मैन्याभरात जातं फिरवाया लागली."

"तुमची नणंद तर मागल्या वर्षी गेली," आई म्हणाली.

"ती वेगळ्यानं गेली. हात शेवटपर्यंत चांगले होते."

बाबांनी वांगं लिहून घेतलं. इथेच चूक झाली. लिहून घेणारा माणूस भेटला की सांगणाऱ्यांना अंत राहत नाही. नीलाबाईंच्या सुनेने दही सांगितलं. शाळेतल्या शिपायाने केळी. गोरेगावहून आलेल्या आत्याने तूरडाळ, हरभरा आणि आंबट म्हणून जे जे काही आहे ते. मी स्वतः एका मासिकात टमाटा, बटाटा आणि मिरचीविषयी वाचलं होतं. सुशिक्षितपणाच्या भरात तेही सांगून बसले. आमचे मुख्याध्यापक गोपाळराव एकदा खास घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि बराच वेळ घसा साफ करून म्हणाले, "तुमच्याकडे ते... म्हणजे मटण वगैरे चालत असेल. ते जर बंद..."

"लिहून घेतो," बाबा म्हणाले. "साहेब, तुमचं नाव शेऱ्यात टाकू का? गुण आला तर तुमच्या नावानं येईल."

गोपाळरावांना ते मान्य होतं.

वेळापत्रक तयार झालं. एकेक पदार्थ पंधरा दिवस. शिस्त अशी की जो आधी सांगेल त्याचा पदार्थ आधी. डॉक्टरांनी सांगितलेले गोड, तळलेलं आणि मैदा हे वास्तविक पहिले. पण डॉक्टर बिचारे एकटे आणि नांदेडला, गल्ली मोठी आणि दाराशी. प्रत्येक शेजाऱ्याला आपला पदार्थ आधी लागलेला बघायचा होता. त्यामुळे डॉक्टरांचे तिघे ढकलले जात जात यादीच्या तळाशी गेले. शिवाय बंद केलेला पदार्थ पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू करायचा हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. एकदा रद्द केलेली गाडी पुन्हा सोडायला वरून हुकूम लागतो, असं बाबांचं म्हणणं. तो हुकूम कुणी देणार नव्हतं.

आठ महिन्यांत आमच्या ताटात ज्वारीची भाकरी, मूग, पालेभाजी आणि जवसाची चटणी एवढंच उरलं. 'आमच्या' म्हणण्याचं कारण असं की पहिल्या दिवशीच बाबांनी आईला सांगितलं, "दोन स्वयंपाक नका करू. जे पोरीला तेच मला." ठेचा नसला की जेवण झालं असं न मानणारा हा माणूस आठ महिने बिनतिखटाचे मूग खात होता. मला तेव्हा वाटलं, बाबांना रजिस्टराची हौस आहे. मी तसं आईला बोलूनही दाखवलं.

हात मात्र सात पंचवीसच्या अलीकडे यायला तयार नव्हते. गोळ्यांनी थोडा फरक पडला होता. मग गाडी तिथेच अडली.

एक-एक पदार्थ बंद होई तसतसे बाबा कष्टी होत. वांगं बंद झालं त्या संध्याकाळी फाट्यावरून येताना त्यांनी वसरामच्या हॉटेलातली जिलेबी आणली. कागदात बांधलेली, गरम, पावशेर. "घे. लेकराच्या तोंडचं वांगं काढलं आपण." दही बंद झालं त्या दिवशी पुन्हा. मग रोजच. ते माझ्यासमोर बसून मी खाते का बघत आणि मी खाल्ली की त्यांच्या चेहऱ्यावर गाडी वेळेवर सुटल्याचं समाधान येई. एखादं वेटोळं स्वतःही खात. त्यांना जिलेबी माझ्याहून जास्त आवडायची.

जानेवारी दोन हजार एकमध्ये मला जनगणनेच्या कामाची ऑर्डर आली. फेब्रुवारीत घरोघर जायचं, फॉर्म भरायचे, तेही सुवाच्य अक्षरात. माझ्या बोटांनी ते होणार नाही याची मला खात्री होती. अर्धवट टाकलं तर कारवाई, आणि केलं तर हात कायमचे जातील अशी भीती. मी सूट मिळावी म्हणून अर्ज केला. हिंगोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती आणि ही बातमी काही कागदांपर्यंत पोचली नव्हती. माझा अर्ज परभणीला जाऊन तीन आठवड्यांनी परत आला. मग वैद्यकीय मंडळापुढे तपासणीची तारीख मिळाली. तारीख देणारे टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, सूज डोळ्यांना दिसली पाहिजे. मंडळ बाराला बसतं."

"पण माझे हात सकाळी आखडतात. साडेआठनंतर बरे दिसतात. मी सकाळी सहाला आले तर?"

"सहाला मंडळ उठत न्हाई," ते म्हणाले.

घरी आल्यावर बाबा बराच वेळ रजिस्टर चाळत बसले. मग म्हणाले, "ज्योते, आठ महिन्यांत आपण दहा गाड्या रद्द केल्या. त्या सगळ्या एकदम सोडल्या तर?"

"म्हणजे?"

"म्हंजे तपासणीच्या आदल्या दिवशी सगळं खायचं. वांगं, टमाटे, दही, मटण, सगळं. सूज अशी यील की बारा काय, चार वाजेस्तोवर उतरायची न्हाई."

मी सुशिक्षित बाई. हे मूर्खपणाचं आहे हे मला कळत होतं. पण आठ महिन्यांचे मूगही मला कळत होते. मी होकार दिला.

तो रविवार मी विसरणार नाही. आईने सकाळपासून चूल धरली. भरली वांगी, बटाट्याचा रस्सा, टमाट्याची चटणी, आंबट वरण, हरभऱ्याची उसळ, मटण, दही, शेवटी केळं. आणि ठेचा. बाबांनी ठेच्याचा पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. पाणी आलं त्यांच्या डोळ्यांत; मिरचीचं म्हणाले.

नीलाबाई वासावर आल्या. "अगं बाई! पोरीला मारून राहिले का काय?"

"पुरावा तयार करून राहिलो," बाबा म्हणाले. "बसा, घ्या थोडं."

नीलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि दुसरा हात ताटाकडे नेला. जेवणानंतर बाबा हळहळले, की आज वर जिलेबी असती तर मजा आली असती. पण वसराम मुलीच्या लग्नासाठी तांड्यावर गेला होता आणि हॉटेलला दोन आठवड्यांपासून कुलूप होतं.

सोमवारी सकाळी सहा वाजता मी डोळे उघडले आणि नेहमीच्या सवयीने हात उघडायला जोर लावला. जोर जास्त झाला. हात उघडलेलाच होता.

बाबा दाराशी उभे. "किती?"

मी बोटं हलवली. पाचही हलली, करंगळीसुद्धा.

"सहा बारा," मी रडवेली होऊन म्हणाले.

"असं कसं?" बाबा घड्याळ कानाला लावून बघत म्हणाले. "नीट बघ. थोडी तरी सूज?"

खरं म्हणजे गेला आठवडाभर वेळ रोज थोडी थोडी अलीकडे येत होती. पण अर्जाच्या धावपळीत आम्ही ती नुसती लिहीत होतो, बघत नव्हतो. जगात माझ्याइतकं वाईट कुणाला बरं वाटलं नसेल. आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. मंडळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मूठ मिटा. मिटली. उघडा. उघडली. माझं बोट दाबून ते म्हणाले, "दुखतं?" दुखत नव्हतं, आणि ऐन वेळी खोटं बोलण्याची मला सवय नव्हती. बाबांनी पुरावा म्हणून रजिस्टर पुढे केलं. डॉक्टरांनी सहज उघडलं आणि मग वाचतच बसले. बाहेर रांग खोळंबली.

"कंट्रोलरसाहेब, यात खाल्लेलं सगळं आहे?"

"बराबर सगळं."

"मग शेवटच्या दोन आठवड्यांत काहीतरी बदललंय. शोधा. बाईंना सूट देता येणार नाही, हात कामाला योग्य आहेत. आणि हे रजिस्टर सोडू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी धडधाकट निघाले म्हणून नापास झाले.

परतीच्या बसमध्ये बाबांनी रजिस्टर बाजूला ठेवलं होतं. कळमनुरी आल्यावर आई, जिला वाचता येत नव्हतं, तिने रजिस्टर मांडीवर घेतलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

"यात जिलेबी कुठं हाय?"

"काय?"

"पोरीला रोज आणत व्हते ती. पंधरा दिस झाले, वसराम न्हाई म्हून आणली न्हाई. ती कुठं लिवली?"

बाबांनी रजिस्टर घेतलं. पहिल्यापासून उलटलं. आठ महिन्यांच्या पानांवर मुगाचं सालसुद्धा नोंदवलेलं होतं. जिलेबीचं नाव नव्हतं.

"ती काय आहार हाय का," ते शेवटी म्हणाले. "तो लाड हाय."

"मी समजले लिवली असंल. इतकं लिवता," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गोड, तळलेलं, मैदा. डॉक्टरांनी सांगितलेले तिघे एकाच वेटोळ्यात बसून रोज संध्याकाळी आमच्या घरी येत होते आणि कंट्रोलर स्वतः त्यांना हाताला धरून आणत होते. बाळापूर येईपर्यंत बाबांनी मान वर केली नाही. उतरताना मला म्हणाले, "माझ्यामुळं तकलीफ झाली तुला." मी म्हणाले, "राहू द्या, बाबा." ते 'राहू द्या' मी चिडून म्हटलं होतं.

यानंतर त्यांनी जे केलं ते डॉक्टरांच्या पद्धतीने केलं. वसराम परत आल्यावर पंधरा दिवस जिलेबी सुरू, पंधरा दिवस बंद, असं तीनदा. तिन्ही वेळा जिलेबी सुरू झाली की चौथ्यापाचव्या दिवशी हात सातच्या पुढे गेला आणि बंद झाली की हळूहळू सव्वासहाच्या आत आला. वांगं, दही, मटण आणि इतर सात आरोपी एकेक करून सुटले. नीलाबाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते वांगं माझ्याशी नीट वागत होतं, एवढंच. हे सगळं माझ्या एकटीच्या हाताचं आहे, आणि गोळ्या सगळा वेळ चालूच होत्या. दुसऱ्या कुणाचा आरोपी दुसरा असेल, किंवा नसेलही.

या सगळ्याच्या आधी, फेब्रुवारीतच मी जनगणना केली. एकशे चौतीस घरं, सुवाच्य अक्षरात. बाबा पिशवी धरून बरोबर असत. फॉर्मला त्यांनी हात लावला नाही, पण दर दुसऱ्या घरी लोक मला माणसं सांगण्याआधी त्यांना नांदेडची गाडी विचारत. शेवटच्या घराबाहेर त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन बोटं एकेक दाबून बघितली. मग पिशवी उचलून चालायला लागले. मीही मागोमाग.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला अंगण भरलं होतं. बुद्धवंदना झाल्यावर आमच्याकडे रीत आहे, गेलेल्या माणसाविषयी ज्याला वाटेल त्याने चार शब्द बोलायचे. गोपाळराव बोलले. नीलाबाई रडत बोलल्या, त्यातही वांगं आलं. मग वसराम उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. हातातला रुमाल पिळत राहिला.

"कंट्रोलरसाब रोज माझ्या हाटेलात यायचे. ताजी जिलेबी निघाली की मी दोन वेटोळे कागदावर ठिवायचो. तर म्हणायचे, वसराम, ते आता आमच्याकडं बंद हाय. मी म्हणलं, बाईंला बंद हाय, तुमाला काहून? तर म्हणाले, एकाच गाडीचे प्रवासी हावोत आमी. सात वर्षं माझ्या कढईसमोर बसले, एक तुकडा तोंडात घातला न्हाई. आन् त्या दिवशीबी, शेवटच्या... मी इचारलं, आज तरी घ्या. म्हणाले, न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. ते घरी जिलेबी खात नाहीत एवढं मी बघितलं होतं. फाट्यावर खात असतील असं मी सात वर्षं धरून चालले होते, आणि मनातल्या मनात त्याबद्दल थोडी रागावलेही होते.

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी शिक्षिका, पंधरा वर्षं बोलण्याचाच पगार घेतलेला. मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. आईने खीर वाढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता जाग आली. दाराशी कुणी नव्हतं. मी उठून बाबांच्या खोलीत गेले. रजिस्टर उशाशी होतं, पेन आत घातलेलं. शेवटचं पान उघडलं. त्या रविवारची नोंद होती. उजव्या हाताच्या रकान्यात वेळेऐवजी शेरा होता, त्यांच्या ठाशीव अक्षरात:

'बाईंनी वेळ सांगितली नाही. ६.२० ला चहाचा कप उजव्या हाताने धरलेला दिसला. कप हलला नाही. गाडी वेळेवर धरावी.'

खाली सही.

मी त्यांच्या खाटेवर बसले. स्वयंपाकघरात आईची भांडी वाजत होती. मी पेन हातात घेतलं, पण लिहावंसं वाटलं नाही. त्यांच्या रजिस्टरात दुसऱ्याने लिहिलेलं त्यांना चालत नसे.

"सहा वाजून चार मिनिटं, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. आवाज रिकाम्या खोलीत जरा जास्तच मोठा वाटला. बाबांचा ओसरीतला वाटायचा तसा. "त्या रविवारी सहा वाजून चार मिनिटांनी सुटला होता. मला म्हाईत होतं, मी सांगितलं न्हाई. आणि इतकी वर्षं हेबी सांगितलं न्हाई, की हा हात तुमच्यामुळं सुटतो."